दानात आलेल्या सायकली: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सामुदायिक सायकल कार्यशाळा म्हणजे सर्वांसाठी खुले असलेले दुरुस्तीचे ठिकाण. अवजारे तिथली, मार्गदर्शन तिथल्या जाणकारांचे आणि काम ज्याचे त्याने करायचे. याच्या जोडीला दानात आलेल्या जुन्या सायकली ओव्हरऑइलिंग करून गरजूंना दिल्या जातात किंवा माफक किमतीत विकल्या जातात आणि त्या विक्रीतून भाडे, वीज, सुट्या भागांचा खर्च भागवला जातो. अमेरिकेत बॉस्टनची ‘बाइक्स नॉट बॉम्ब्स’ ही संस्था १९८४ पासून, शिकागोची ‘वर्किंग बाइक्स’ १९९९ पासून आणि इंग्लंडमध्ये ‘ब्रिस्टल बाइक प्रोजेक्ट’ २००८ पासून या क्षेत्रात आहे. लहान गावांतल्या अशा कितीतरी कार्यशाळा आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी उघडतात आणि पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालतात.

दान देणाऱ्यांना वाटते की तिथे सायकली कमी पडत असतील. प्रत्यक्षात सायकली सहसा जास्तच असतात. कमी पडते ती जागा आणि काम जाणणाऱ्या माणसांचा वेळ. दारात आलेली प्रत्येक सायकल उतरवून घ्यावी लागते, तपासावी लागते, कुठेतरी उभी करावी लागते आणि कामाची नसेल तर तिची विल्हेवाटही लावावी लागते. फुकट मिळालेल्या वस्तूचा हा खर्च देणाऱ्याला दिसत नाही आणि बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात.

‘सायकल आहे, म्हणजे दुरुस्त होणारच’

हा समज एके काळी बराचसा खरा होता. जुन्या पोलादी सायकलीचा जवळजवळ प्रत्येक भाग खोलता येतो. छर्रे बदलता येतात, झिजलेला कोन नवा घालता येतो, कॉटर ठोकून काढता येतो, वाकडा झालेला चिमटा अनुभवी कारागीर सरळ करू शकतो. चौकटीचा सांधा सुटला तरी पितळेच्या झाळणीने तो पुन्हा जोडता येतो.

अमेरिका-युरोपात मोठ्या दुकानांत खेळणी आणि किराण्याच्या शेजारी शंभर-दीडशे डॉलरना विकली जाणारी सायकल या जातीची नाही. दिसायला ती भारी असते: पुढे-मागे शॉकअप, जाड टायर, हँडलवर गिअर, चौकटीवर भडक अक्षरे. पण शॉकअपचे सांधे प्लॅस्टिकच्या बुशांवर फिरतात, ते सैल झाले की बदली बूश मिळत नाही. ब्रेकचे हात दाबून काढलेल्या पातळ पत्र्याचे असतात, त्यामुळे लिव्हर ओढल्यावर रबर रिमवर दाबण्याऐवजी तो पत्राच वाकतो. मागच्या चाकाला पेचावर बसणारे फ्रीव्हील असते. अशा हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे एक्सलच्या टोकापासून बरेच आत राहतात आणि एक्सलचा तेवढा भाग आधाराविना उरतो. गिअरची संख्या वाढवण्यासाठी फ्रीव्हील जसे रुंद होत गेले, तसा हा निराधार भाग लांबला. रस्त्यावरचे खड्डे आणि थोडे जास्त वजन एवढ्यावरही तो एक्सल वाकतो. नवा घातला तरी तोही वाकतोच, कारण दोष मांडणीतच आहे.

अशी सायकल चालण्यालायक करायला सराईत माणसालाही तीन-चार तास लागतात. टायर-ट्यूब, चेन, केबल आणि ब्रेकचे रबर घातले की सायकलीच्या मूळ किमतीचा मोठा हिस्सा खर्च झालेला असतो. एवढे करूनही जमवलेले ब्रेक आणि गिअर काही आठवड्यांत पुन्हा हलतात. तेवढ्याच वेळात एक चांगली पोलादी सायकल पुढच्या दहा वर्षांसाठी तयार झाली असती. २०२१-२२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील सामुदायिक कार्यशाळांच्या मेकॅनिकांनी एक निवेदन काढले, ते याच अनुभवातून. वॉलमार्टसारखे विक्रेते आणि स्वस्त सायकलींचे उत्पादक यांना उद्देशून त्यात दोन मागण्या होत्या: सायकल मोडण्यापूर्वी किमान ५०० तास चालली पाहिजे आणि तिचे भाग दुरुस्त करता, बदलता आले पाहिजेत. ५०० तास म्हणजे रोज एक तास धरला तर दीड वर्षही होत नाही. इतकी साधी अपेक्षा लेखी मांडावी लागली, यावरून मालाचा दर्जा कळतो.

याला जोडूनच ‘ज्याच्याकडे काहीच नाही त्याला अशी सायकलही चालेल’ असे म्हटले जाते, आणि हा समज सर्वांत घातक आहे. कार्यशाळेतून सायकल नेणारा माणूस पुष्कळदा तिच्यावरच रोज कामाला जातो, रात्रपाळी करून अंधारात परततो. क्रोम चढवलेल्या पोलादी रिमवर पावसात रबराचा ब्रेक जवळजवळ लागत नाही. अॅल्युमिनियमच्या रिमवर तो कितीतरी चांगला लागतो. ज्याला दुसरी सायकल परवडत नाही, त्याच्या हाती कमी भरवशाचा ब्रेक देणे हे दान होत नाही. गरजूची सायकल उलट जास्त खात्रीची असायला हवी.

किंमत आणि नाव पाहून निश्चिंत होणेही चूक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिमानो कंपनीने २०१२ ते २०१९ या काळात बनवलेले ११ गिअरच्या रोड सायकलींचे काही क्रँक तपासणीसाठी परत बोलावले. एकट्या अमेरिकेत त्यांची संख्या सुमारे ६,८०,००० होती. दोन भाग चिकटवून बनवलेला हा क्रँक सांध्यात सुटून तुटण्याचा धोका होता, आणि तो लागला होता महागड्या सायकलींना. कार्बनच्या चौकटीचे आणखी वेगळे. आपटलेली पोलादी नळी वाकते, पोचा पडतो, म्हणजे बोलते. कार्बनचे थर आतून सुटले तरी वरचा रंग शाबूत राहू शकतो. पूर्वेतिहास माहीत नसलेली कार्बनची सायकल जाणत्या तपासणीशिवाय कुणाला देऊ नये. अॅल्युमिनियमला तडा गेला तर जोड देऊन भागत नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आसपासच्या धातूचे बळ जाते आणि ते परत आणायला भट्टीतली प्रक्रिया लागते. कार्यशाळेत तशी सोय नसते.

‘निदान सुटे भाग तरी कामाला येतील’

हे म्हणणे अर्धे खरे आहे. सुटा भाग दुसऱ्या सायकलीला बसला तरच तो कामाचा, आणि सायकलीची मापे बाहेरून वाटतात तितकी सरळ नाहीत. टायरचेच उदाहरण घ्यावे. बाजूवर २६ इंच छापलेले टायर निदान पाच वेगवेगळ्या रिमांचे असू शकते. टायर ज्या कडेवर बसते तिचा व्यास कधी ५५९ मिलिमीटर असतो, कधी ५७१, ५८४, ५९० किंवा ५९७. माउंटन बाइकचे ५५९ चे टायर जुन्या इंग्लिश धाटणीच्या ५९० च्या रिमवर कितीही जोर लावला तरी चढत नाही. म्हणून व्यवस्थित कार्यशाळेत टायर इंचांवर नव्हे, तर या मिलिमीटरच्या आकड्यावर लावून ठेवतात.

शिवाय सायकल खोलायलाही वेळ लागतो आणि खोललेले भाग ठेवायला डबे, फळ्या, चिठ्ठ्या लागतात. ‘कधीतरी लागेल’ म्हणून साठवलेल्या वाकड्या क्रँकांच्या ढिगात नेमका हवा तो भाग सापडत नाही आणि मग नवाच विकत आणला जातो. भिंतीवर ठळक अक्षरांत दोन याद्या लावणे हा यावरचा चांगला उपाय. काय काढून ठेवायचे ते एका यादीत: अॅल्युमिनियमच्या रिमची सरळ चाके, न झिजलेले कॅसेट, चांगल्या बनावटीचे ब्रेक, सीटचे दांडे मापाप्रमाणे, कॅरिअर, मडगार्ड, स्टँड, नट-बोल्ट. काय ठेवायचे नाही ते दुसरीत: पत्र्याचे ब्रेक, प्लॅस्टिकचे पेडल, वापरलेल्या केबल, गंजलेल्या चेन, स्वस्त शॉकअपचे चिमटे. दुसरी यादी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. ती नसेल तर प्रत्येक नवा स्वयंसेवक भीड पडून सगळेच ठेवतो.

मुलांना शिकवायला मोडकी सायकल बरी, हेही सरसकट खरे नाही. खोलणे, जोडणे, पंक्चर काढणे, चाकाची आउट काढणे यांसाठी ती चालते. ब्रेक किंवा गिअर जुळवायला शिकवताना मात्र अडचण होते. शिकणाऱ्याने सगळे बरोबर केले तरी खराब भाग जुळत नाही, आणि दोष भागाचा की आपला हे त्याला कळत नाही. हिरमुसून तो पुन्हा येत नाही.

‘इथे नको तर गरीब देशात पाठवा’

जुन्या सायकली आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत पाठवण्याचे काम काही संस्था नीट करतात. चाळीस फुटी कंटेनरमध्ये पेडल काढून, हँडल फिरवून साधारण चारशे-पाचशे सायकली बसतात. पण भाडे जागेचे असते. चांगली सायकल आणि निकामी सायकल यांना सारखीच जागा लागते, म्हणून निवड इथे आणखी कडक हवी. पोहोचल्यावर सुटे भाग आणि मेकॅनिक मिळणार का, हाही प्रश्न असतोच. ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ ही २००५ साली त्सुनामीनंतर श्रीलंकेतील मदतकार्यातून उभी राहिलेली संस्था या अडचणीला वेगळ्या वाटेने भिडली. तिने जुन्या सायकली गोळा करण्याऐवजी ‘बफेलो’ हे एक दणकट पोलादी मॉडेल तयार केले, गिअरशिवाय, मागे पायाने लागणारा ब्रेक आणि १०० किलो ओझे पेलणारे कॅरिअर असलेले. गावोगावच्या मेकॅनिकांना प्रशिक्षण दिले आणि त्याच मॉडेलचे भाग तिथे उपलब्ध ठेवले. सगळ्या सायकलींची मापे एकच असली की खेड्यातली दुरुस्ती सोपी होते.

महाराष्ट्रातही हीच कसोटी लागू पडते. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या गिअरच्या सायकली गोळा करून आदिवासी पाड्यांवर किंवा खेड्यांतल्या शाळांना देण्याची कल्पना चांगली आहे, पण गिअरची तार तुटली की ती कुठे मिळणार याचा विचार आधी झाला पाहिजे. तालुक्याच्या गावातल्या सायकलच्या दुकानात २८ बाय दीडचे टायर, कॉटर, छर्रे, साध्या सायकलीची चेन हमखास मिळते. आठ गिअरची कॅसेट मिळत नाही. म्हणून पाठवायची असेल ती बिनगिअरची, किंवा गिअर काढून एकाच चेनवर नीट चालती केलेली. बाकीच्या शहरातच राहू द्याव्यात.

‘नकार दिला की दाते तुटतात’

दाते दुखावतात ते बहुधा उशिरा आणि गुळमुळीत मिळालेल्या नकाराने. काय घेतो आणि काय घेत नाही हे दारावर आणि फोनवर आधीच स्पष्ट असेल, तर गाडीत सायकल घालून दहा किलोमीटर आलेल्या माणसाला परत पाठवायची वेळ येत नाही. दान घेण्याचे ठरावीक दिवस असावेत आणि निर्णय अनुभवी माणसाने तिथल्या तिथे घ्यावा.

या तपासणीला तीन-चार मिनिटे पुरतात, मात्र क्रम ठरलेला हवा. आधी सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटच्या खाली कोरलेला क्रमांक वाचायचा आणि चोरीच्या नोंदींशी ताडून पाहायचा. अमेरिकेत त्यासाठी ‘बाइक इंडेक्स’ आहे, ब्रिटनमध्ये ‘बाइकरजिस्टर’. मग चौकट. पुढच्या नळीमागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवले की समोरून बसलेली धडक कळते: तिथे रंगाला सुरकुत्या पडलेल्या असतात किंवा बारीक तडा असतो. त्यानंतर सीटचा दांडा आणि हँडलचा दांडा फिरतात का ते पाहायचे. पोलादी चौकटीत वर्षानुवर्षे न हललेला अॅल्युमिनियमचा दांडा गंजाने असा धरतो की तो काढण्यात अख्खी संध्याकाळ जाते. ब्रेक लागतो ती रिमची बाजू बोटाला खोलगट लागली तर ते चाक संपले. शेवटी चेनला पट्टी लावायची. बारा इंचांवर पिन बरोबर आली तर चेन चांगली, १/१६ इंच पुढे गेली तर चेन बदलायची आणि १/८ इंच गेली तर बहुधा फ्रीव्हीलही.

नकार देताना मोकळ्या हाताने देऊ नये. जवळच्या भंगारवाल्याचा पत्ता, पालिकेच्या संकलन केंद्राच्या वेळा लिहिलेला कागद सोबत द्यावा. सायकल कुणा दिवंगत आप्ताची असेल तर दोन मिनिटे ऐकून घ्यावे; अशा वेळी तिची घंटा किंवा सीट ठेवून घेता आली तरी देणाऱ्याला बरे वाटते. आणि घेतलेल्या सायकलीचे पुढे काय होईल याबद्दल खोटे आश्वासन कधीही देऊ नये. ‘भाग काढून बाकी भंगारात जाईल’ हे तोंडावर सांगितले तर बहुतेक लोक समजून घेतात.

भंगारात देणे म्हणजे दानाचा अपमान, असेही काही स्वयंसेवकांना वाटते. पोलाद आणि अॅल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरले जातात. दोन्ही वेगळे करून दिले तर भावही चांगला मिळतो, कारण अॅल्युमिनियमला पोलादापेक्षा कितीतरी जास्त दर असतो. टायरचे मात्र उलट आहे. ते घ्यायला अनेक ठिकाणी कार्यशाळेलाच पैसे मोजावे लागतात. म्हणून नुसती जुनी टायर दानात घेऊ नयेत. वापरलेली हेल्मेट तर मुळीच नकोत: आतला फोम एकदाच दबून धक्का झेलतो आणि दबलेला फोम बाहेरून ओळखू येत नाही. ती घेतली गेली असतील तर पट्टे कापून टाकावीत, म्हणजे कचऱ्यातून उचलून कुणी डोक्यावर घालणार नाही. इलेक्ट्रिक सायकलींच्या लिथियम बॅटऱ्यांसाठी वेगळा, ठाम नियम हवा. न्यूयॉर्कमध्ये अशा बॅटऱ्यांच्या आगींत माणसे दगावल्यानंतर २०२३ मध्ये प्रमाणित नसलेल्या बॅटऱ्यांच्या विक्रीवर बंदी आली आणि जुने सेल जोडून बनवलेल्या बॅटऱ्याही बंद झाल्या. फुगलेली किंवा पाण्यात भिजलेली बॅटरी कार्यशाळेच्या छताखाली एक रात्रही ठेवू नये.

रात्री शटरपाशी सोडून दिलेल्या सायकलींबाबत दारावर एक वाक्य लिहिलेले असावे: इथे ठेवलेली सायकल दान मानली जाणार नाही. तरीही आलेल्या सायकलीचा क्रमांक आणि तारीख वहीत नोंदवावी, चोरीची नोंद तपासावी, स्थानिक नियमांनुसार ठरलेली मुदत संपेपर्यंत तिला हात लावू नये आणि मगच तिची बाकीच्या सायकलींसारखी तपासणी करावी.