आसनाच्या आधीची पायरी

पहाटे साडेपाचला देवळाच्या सभामंडपात आमचा योगवर्ग भरतो. कुणाची चटई, कुणाची सतरंजी, कुणाची घडी घातलेली जुनी चादर. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे, शेजारणीला आपल्यापेक्षा जास्त जमतंय का! मीही त्यातलीच. गुडघा कुरकुरत होता, तरी दातओठ खाऊन पद्मासन घातलं. बाई जवळ आल्या. "दुखतंय का?"

"छे, मुळीच नाही!"

बाई हसल्या. "दोन यम एकदम मोडलेत की हो! गुडघ्यावर हिंसा केलीत, वर खोटं बोललात."

तोवर मला यम म्हणजे रेड्यावर बसून येणारा, एवढाच ठाऊक. पण मैत्रिणींनो, पतंजलींनी योगाची जी आठ अंगं सांगितली, त्यात आसन तिसरं आहे. त्याआधी यम आणि नियम. अहिंसा, सत्य, अस्तेय म्हणजे चोरी न करणं, ब्रह्मचर्य म्हणजे संयम, आणि अपरिग्रह म्हणजे नको तेवढं न साठवणं, हे पाच यम. शौच, संतोष, तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान हे नियम. योगसूत्रं जवळजवळ दोनशे, त्यात आसन कसं असावं हे जेमतेम तीन सूत्रांत उरकलंय. बैठक स्थिर हवी, सुखाची हवी. डोकं गुडघ्याला टेकवा, असं तिथे कुठेच नाही. त्यानंतर प्राणायाम. (रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर श्वास रोखून धरू नका, हे जाता जाता.)

हे सगळं संसार सोडलेल्यांसाठी, असं आपल्याला वाटतं. पण योगेंद्रजींनी १९१८ साली मुंबईत योग संस्था काढली ती संसारी माणसांसाठी. त्यांच्या पत्नी सीतादेवींनी तर १९३४ मध्ये खास बायकांसाठी योगाचं पुस्तक लिहिलं.

मग मी घरात यम-नियम शोधायला लागले. माळ्यावरचे आइस्क्रीमचे रिकामे डबे अपरिग्रहात बसेनात. वाया जायला नको म्हणून दोन दिवसांची आमटी नेहमी मीच संपवायची, ही अहिंसा कुठली?

घोडं अडलं ते संतोषापाशी. वर्गातली एक जण म्हणाली, "आमच्याकडे म्हणतात, आता योग करतेस ना, मग कुरकुर कशाला?" आम्ही सगळ्या हसलो. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "संतोष हा आपला आपण घ्यायचा नियम आहे. दुसऱ्यानं गळ्यात बांधायचा नव्हे. आणि सत्य त्याच्या आधी येतं, विसरू नका."

मला हे फार पटलं. सोसण्यालाच समाधान म्हणायची सवय आपल्याला इतकी लागलीय, की कधी कधी आपल्यालाही फरक कळत नाही.

आता मी पद्मासनाच्या भानगडीत पडत नाही. चादरीची घडी खाली घेऊन साधी मांडी घालते. परवा संध्याकाळी घरी म्हटलं, "आज कंबर दुखतेय. भाकऱ्या बाहेरून आणा."

क्षणभर सगळे गप्प. मग "पिशवी कुठेय?" असं विचारत हे उठले.