आधी पेनड्राइव्हवर चाखून पाहा!

२०२५ च्या भाऊबीजेला वन्सं आल्या. ओवाळणं झालं, फराळाच्या बशा रिकाम्या झाल्या, आणि मग पिशवीतून आपला छोटासा लॅपटॉप काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. "वहिनी, दुकानदार म्हणतो हा आता भंगारात द्या. नवं विंडोज यात बसत नाही आणि जुन्याचा कारभार आटोपला." मी काही बोललेच नाही. कारण चारच दिवसांपूर्वी माझ्या लॅपटॉपबद्दलही मला हेच ऐकवलं गेलं होतं, आणि तेव्हापासून पस्तीस हजार रुपये माझ्या डोळ्यांपुढे नाचत होते!

झालं होतं असं की, १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचा लॅपटॉप बंद पडला नाही. पण दाराची कडी खिळखिळी झाली तर ती बसवून द्यायला आता सुतार येणार नाही, आणि आपण तर त्याच दाराने बँकेचे व्यवहार करतो. बरं, विंडोज ११ घ्यावं म्हटलं तर ते साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर आणि आत टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय मागतं. माझा लॅपटॉप घेतलेला २०१८ सालचा, पण आतला आय-थ्री प्रोसेसर सहाव्या पिढीचा, म्हणजे त्याहून जुना. स्वस्तातल्या यंत्रांत हे असं हमखास असतं. खोकं नवं, आतला माल दोन-तीन वर्षांपूर्वीचा.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. त्या पगारातून वर्षभर साठवून हा लॅपटॉप घेतला होता. घरात 'ही माझी' म्हणावी अशी तीच एक वस्तू. सात वर्षांच्या प्रश्नपत्रिका त्यात, लेकीच्या बारशापासूनचे फोटो त्यात. ह्यांनी "घेऊ या नवा, हप्त्याने" म्हटलं, पण हप्ता कुठल्या डब्यातून निघणार ते बायकांनाच ठाऊक असतं.

शेजारच्या काकूंचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, "काकू, टाकू नका. लिनक्स चालतंय का ते बघू या आधी."

लिनक्स हे नाव मी ऐकून होते, इतकंच. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या मुलाने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला आणि जगापुढे उघडा ठेवला. म्हणजे कसं, की मसाल्याचं प्रमाण गुपित न ठेवता वहीच सगळ्यांना वाचायला दिली. ज्याला हवं त्याने करून पाहावं, आपल्या चवीप्रमाणे बदलावं, पुढे द्यावं. म्हणूनच त्याचे प्रकार पुष्कळ. उबंटू, मिंट, आणि आपल्या पुण्यातलं मुख्य ठाणं असलेल्या सी-डॅकने तयार केलेलं बॉससुद्धा. केरळातल्या सरकारी शाळांत तर वर्षानुवर्षं मुलं लिनक्सवरच शिकताहेत. हे कळल्यावर मात्र मला जरा धीर आला. तिथल्या मास्तरणींना जमतं, तर मला का जमू नये?

पण माझी खरी भीती निराळीच होती. हे नवं घालायला गेले आणि माझ्या प्रश्नपत्रिका पुसल्या गेल्या तर? तेव्हा त्या मुलाने जे सांगितलं, त्यासाठीच हा लेख लिहायला घेतला. लिनक्स लॅपटॉपमध्ये न घालताच चालवून पाहता येतं! ते पेनड्राइव्हवर असतं, तिथूनच सुरू होतं, आणि पेनड्राइव्ह काढला की आपलं विंडोज जसंच्या तसं. आंबे घेताना आपण फोड मागतोच की नाही? तसंच हे.

आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. रिकामाच, कारण त्यावरचं सगळं पुसलं जातं. लिनक्स मिंटची फाइल त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. ती तीन जीबीच्या आसपास असते, तेव्हा मोबाइलच्या रोजच्या डेट्यावर बसू नका. कुणाच्या तरी वाय-फायवर हे काम उरका. ती फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस नावाचा छोटा, फुकट प्रोग्रॅम आहे, त्याने ती 'लिहावी' लागते. मग लॅपटॉप बंद करून, पेनड्राइव्ह लावून, चालू करता करता एक ठरावीक बटण दाबत राहायचं. डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ-१२, एचपीला एस्केप आणि मग एफ-९, आसूसला एस्केप. मला तिसऱ्या खेपेला जमलं. पहिल्या दोन वेळा विंडोजच उघडलं आणि मी उगीच घाबरले.

सुरू करण्याआधी दोन पथ्यं मात्र पाळाच. महत्त्वाच्या फाइली आधी दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि लॅपटॉप अलीकडचा, विंडोज ११ वाला असेल, तर त्यातली डिस्क कुलूपबंद असू शकते. सुरुवातीच्या सेटिंगमध्ये काही बदललंत तर ते अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतं. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आधी कागदावर उतरवा, मगच हात लावा.

मिंट उघडलं की पडद्यावर 'इन्स्टॉल' असं लिहिलेलं एक चित्र दिसतं. त्याला हात लावायचा नाही! बाकी कुठेही फिरा. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्हवरून ते अंमळ हळूच चालतं. बघायचं ते हे, की यंत्राचे अवयव त्याला ओळखता येतात का.

मी एकेक करत बसले. पडदा स्वच्छ, टचपॅड ठीक. गाणं लावलं, आवाज आला. उजेड कमी-जास्त करायची बटणं चालली. कॅमेऱ्यात माझाच घामेजलेला चेहरा दिसला. आणि वाय-फाय? नावालाही नाही! घरातलं नेटवर्क सोडाच, वाय-फाय नावाची वस्तू आपल्याकडे आहे हेच यंत्राला पत्ता नाही. माझा तर जीवच बसला.

स्वस्त लॅपटॉपमध्ये ही खोड सर्वांत जास्त आढळते. वाय-फायच्या काही चिपांचा ड्रायव्हर, म्हणजे चिपेशी बोलण्याची भाषा, मिंटमध्ये आयती नसते. ती इंटरनेटवरून आणावी लागते. पण इंटरनेटच नाही तर आणायची कशी? किल्ली कपाटात आणि कपाट बंद! याला तोड फार सोपी आहे. मोबाइल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडायचा आणि मोबाइलमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करायचं. मोबाइलचं इंटरनेट वायरीतून लॅपटॉपमध्ये येतं. मग मिंटमधलं 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडलं, त्याने चिप ओळखली, आणि पाच मिनिटांत आमच्या आणि शेजाऱ्यांच्या सगळ्या वाय-फायांची नावं दिसू लागली. हे करूनही जमलं नाही, तर लिनक्सला चालणारा छोटा यूएसबी वाय-फाय घेता येतो. तोही चालवून पाहूनच घ्या.

झाकण लावून उघडून पाहायला विसरू नका. पाच मिनिटं झाकण बंद ठेवायचं आणि उघडायचं. माझा जागा झाला. काही यंत्रं झोपली की उठतच नाहीत, आणि हे आपल्याला अर्धवट टाइप केलेल्या प्रश्नपत्रिकेच्या वेळी कळतं. प्रिंटरही त्याच वेळी जोडून एक पान काढा. बोटाच्या ठशाचं बटण मात्र पुष्कळदा चालत नाही. त्याची आशा सोडा.

मराठीचं काय, हा माझा प्रश्न. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट आहे आणि ते लगेच चालतं. पण माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, त्यामुळे उघडल्या तेव्हा पानभर अगम्य इंग्रजी अक्षरं! तो फॉन्ट विंडोजमधून घेऊन इकडे बसवला तेव्हा कुठे वाचता आल्या. ज्यांच्याकडे असलं जुनं लेखन आहे त्यांनी एक तरी फाइल उघडून पाहावी. वर्डच्या जागी लिबर ऑफिस असतं. साध्या पानांना ते पुरेसं आहे, पण रकाने आणि चौकटी कधी कधी सरकतात.

पेनड्राइव्ह काढून विंडोज लावलं, तर सगळं जागच्या जागी. घड्याळ तेवढं साडेपाच तास मागे. असं होतं कधी कधी. नीट करून घ्यायचं. त्यानंतर आठवड्याने मी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवून घेतली आणि तिच्यावर मिंट घातलं. जुनी डिस्क कपाटात सांभाळून ठेवली आहे, जिवाला घोर नको म्हणून.

ह्यांच्या लॅपटॉपला मात्र मी हात लावला नाही. त्यावर टॅली आहे, आणि ते विंडोजसाठीच बनवलेलं. नवऱ्याच्या हिशेबांशी प्रयोग करू नयेत!

आता वन्संचा लॅपटॉप. भाऊबीजेच्या त्याच दुपारी त्यालाही पेनड्राइव्ह लावला. दोन जीबी रॅम, बत्तीस जीबी साठवण, दोन्ही आत डाग देऊन पक्क्या केलेल्या, म्हणजे वाढवायची सोय नाही. मिंटला निदान दोन जीबी रॅम आणि वीस जीबी जागा लागते, चार जीबी असली तर बरं. मिंट उघडलं खरं, पण आवाज नाही, टचपॅड अडखळतो, आणि ब्राउझरमध्ये दुसरं पान उघडलं की यंत्र गप्प. वन्सं म्हणाल्या, "आणखी काही करून बघ ना." मी आणखी तासभर खटपट केली आणि मग सरळ सांगितलं, "नाही हो वन्सं, यात पैसे घालू नका." त्यांना वाईट वाटलं. पण आतले फोटो सगळे उतरवून दिले.

नवा घ्यायला त्या दुकानात गेल्या तेव्हा माझा पेनड्राइव्ह घेऊन गेल्या. दुकानदाराने आधी कुरकुर केली, मग मांडून ठेवलेल्या एका यंत्रावर लावू दिला. पहिल्यात वाय-फाय दिसलं नाही, दुसऱ्यात सगळं चाललं. तो त्यांनी घेतला. आठ जीबी रॅमचा, आणि विंडोजशिवायचा, म्हणून जरा स्वस्तही पडला. पेनड्राइव्ह अजून माझ्याकडे परत यायचा आहे.