रोजचे यंत्रशास्त्र : संपीडन

वस्तूला दोन बाजूंनी आत दाबले की तिच्यात संपीडन निर्माण होते. त्याची तीव्रता केवळ बलावरून कळत नाही. ते बल किती क्षेत्रफळावर पसरले, हे पाहावे लागते. बल भागिले क्षेत्रफळ म्हणजे संपीडन प्रतिबल. हा दाब वायू, द्रव आणि स्थायू वेगवेगळ्या रीतीने सोसतात. तापमान तेच ठेवून दाब दुप्पट केला तर हवेचे आकारमान निम्मे होते. बॉइलने हा नियम १६६२ मध्ये मांडला. पाण्यावर मात्र वातावरणाच्या शंभरपट दाब दिला, तरी ते जेमतेम अर्धा टक्का आक्रसते.

साखर कारखान्याच्या गाळपात वायू, द्रव आणि स्थायू ही तिन्ही रूपे एकाच यंत्रात कामाला लागतात. गव्हाणीत पडलेला ऊस आधी बारीक तुटतो, मग रोलरांमध्ये जातो. तिथे आक्रसतात त्या तंतूंमधल्या मोकळ्या जागा. रस स्वतः जवळजवळ आक्रसत नाही. त्याला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर दाब तोच पेलून धरतो आणि चोथा न पिळताच घसरतो. म्हणून रोलरांना खाचा पाडतात. रोलरांची नुसती ताकद वाढवण्याइतकेच रसाच्या या वाटेला महत्त्व आहे, आणि नेमके तेच सहज नजरेआड होते.

वरच्या रोलरवर तेलाचा दाब असतो. उसाचा थर जाड आला की रोलर किंचित उचलला जातो. तेल आक्रसत नसल्याने ते शेजारच्या टाकीत सरकते आणि तिथला नायट्रोजन दबतो. थर पातळ झाला की तोच वायू तेलाला परत ढकलतो.

रोलरमधून सुटताच तंतू पुन्हा फुगतात आणि सुटलेला थोडा रस शोषून घेतात. त्यामुळे एका पिळण्यात काम भागत नाही. चोथ्यावर पाणी शिंपडून तो पुढच्या मिलमध्ये पाठवावा लागतो. इतके होऊनही शेवटच्या चोथ्यात, म्हणजे बगॅसमध्ये, वजनाच्या सुमारे निम्मे पाणी उरतेच.

बांधकामातील संपीडन असे हलते नसते. जांभ्याच्या चिऱ्याने दर चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन सोसावे, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. या हिशेबाने तळचा चिरा केवळ भिंतीच्या वजनाने चिरडायचा तर भिंत दीडशे मीटरहून उंच हवी. पण दगड ताणाला कच्चा. दारावर आडवा टाकलेला दगड वाकतो, त्याची खालची बाजू ताणली जाते आणि तडा तिथूनच जातो. कमानीत भार दगडादगडांतून बाजूला उतरतो, म्हणून दगड मुख्यतः दबलेलेच राहतात.

लांब, बारीक खांब मात्र चिरडण्याआधीच बाजूला वाकून निकामी होतो. ऑयलरने १७४४ मध्ये याचे गणित मांडले : लांबी दुप्पट झाली की भार पेलण्याची क्षमता चौथाईवर येते. स्लॅबखालच्या उंच टेकूंना मध्यावर आडवे बांधतात ते यासाठीच. तो बांध पक्का असेल, तर त्याच टेकूची क्षमता जवळपास चौपट होते.