भावाचा वाटा, जिजाईची भाकरी

वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावाकडे दिवाळी सोयाबीनच्या पैशावर येते. भाव पडला की सावकार दारात आणि भाऊबंदांत धुसफूस! अशा घरी ‘देव वेळेवर देईल’ म्हणणे सोपे नाही.

तुकोबांचेच पाहा. १६३० च्या दुष्काळात पहिली पत्नी गेली, व्यापाराचे दिवाळे निघाले. चरित्रकार सांगतात, त्यांनी इंद्रायणीत बुडविली ती केवळ आपल्या वाट्याची कर्जखते; निम्मी आधी धाकट्या कान्होबांच्या हाती दिली. देवावर भरवसा ठेवावा तो स्वतःच्या हिश्श्यावर, भावाच्या नव्हे.

आणि भंडाऱ्यावर त्यांना भाकरी कोणी नेली? विठ्ठलाला बोल लावणाऱ्या जिजाईनेच! वाचकहो, देवाचे देणे पुष्कळदा भांडणाऱ्या माणसाच्याच हातून येते.