जिभेखालची गोळी बसूनच घ्या

हृदयविकार असलेल्या बऱ्याच रुग्णांच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी असते. छातीत कळ आली की ती ठेवायची, हे घरातल्या सर्वांना ठाऊक असते. मात्र ती फक्त हृदयावरच काम करते, हा समज खरा नाही.

नायट्रोग्लिसरीन, आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट या औषधांपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू तयार होतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सैल पडतात आणि वाहिन्या रुंदावतात. दंडातील रोहिणी अशी काही मिनिटांतच रुंदावते. सोनोग्राफीत ते मोजता येते. रक्तवाहिनीचे निरोगी अस्तर हाच वायू स्वतःही तयार करीत असते. त्याच्या कार्याच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो व मुराद या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हातापायांतील नीलाही रुंदावतात. तेथे रक्त साठून हृदयाकडे कमी येते व हृदयाचा भार हलका होतो. पण रक्तदाबही उतरतो. उभ्याने गोळी घेतल्यास भोवळ येऊन पडण्याची भीती असते. म्हणून बसूनच घ्यावी.

लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल घेतले असल्यास २४ तास, टाडालाफिल घेतले असल्यास ४८ तास ही गोळी घेऊ नये. रक्तदाब जिवावर बेतेल इतका उतरू शकतो. संकोचापोटी ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका.

पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे.