गाठीभोवतालचं यकृत काय सांगतं?

यकृतातली कर्करोगाची गाठ शस्त्रक्रियेने पूर्ण काढली, तरी काही रुग्णांना काही वर्षांनी त्याच यकृतात, पण दुसऱ्या जागी, नवी गाठ येते. काहींना ती कधीच येत नाही. असं का होतं, याचा शोध घेताना संशोधक युजिन होशिदा, टॉड गोलब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फॉर्मलिन लावून मेणात जपलेले यकृताचे जुने तुकडे तपासायला घेतले. काही तर 24 वर्षांहून जुने होते. त्यांतल्या सहा हजारांवर जनुकांची अभिव्यक्ती त्यांनी मोजली.

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे 20,000 जनुकं असतात, पण यकृताची पेशी त्यांतली ठरावीकच वापरते. वापरातल्या जनुकाच्या आरएनए-प्रती निघतात. त्या मोजल्या की कोणतं जनुक किती कामात आहे ते, म्हणजेच त्याची अभिव्यक्ती, कळतं. अल्फा-फीटोप्रोटीनचं जनुक गर्भाच्या यकृतात जोमाने चालतं, जन्मानंतर जवळजवळ बंद पडतं आणि यकृताच्या अनेक कर्करोगांत पुन्हा सुरू होतं. डॉक्टर रक्तातलं ‘एएफपी’ तपासायला सांगतात ते म्हणूनच.

होशिदांच्या गटाचा निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाला आणि तो अनपेक्षित होता. गाठीतल्या जनुकांवरून रुग्णाच्या पुढच्या आयुष्याचा अंदाज बांधता आला नाही. गाठीशेजारच्या, कर्करोग नसलेल्या यकृतावरून मात्र आला! आधी 82 जपानी रुग्णांच्या नमुन्यांत हे दिसलं, मग अमेरिका आणि युरोपातल्या 225 रुग्णांच्या नमुन्यांतही तेच आढळलं. उशिरा उद्भवणाऱ्या गाठींचं मूळ बहुतेक वेळा आजारी यकृतातच असतं, याचा हा भक्कम पुरावा होता.

यकृत इतकं बिघडवतं कोण? जगभरात या कर्करोगामागे बहुतेकदा हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणू असतो. तैवानमध्ये पामर बीझली यांनी 22,707 पुरुषांवर लक्ष ठेवलं. बी विषाणूच्या वाहकांना यकृताच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा दोनशे पटींहून जास्त निघाला.

दोन्ही विषाणूंच्या वाटा मात्र वेगळ्या. बी विषाणूचा डीएनए जेमतेम 3,200 अक्षरांचा, पण त्याचे तुकडे आपल्या डीएनएत घुसतात. गाठींमध्ये ते पुष्कळदा ‘टर्ट’ या जनुकाजवळ सापडतात. हे जनुक जागं झालं की पेशीच्या विभाजनाला मर्यादा उरत नाही. सी विषाणू आरएनएचा, तो आपल्या डीएनएत शिरत नाही. वर्षानुवर्षं दाह पेटता ठेवून तो यकृतावर व्रण पाडत जातो आणि शेवटी सिरोसिस होतो.

सी आता साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. हे आधुनिक वैद्यकाचं मोठं यश आहे. पण विषाणूमुळे जनुकांच्या नियंत्रणात झालेले काही बदल तो गेल्यावरही यकृतात टिकून राहतात, असं 2019 च्या एका अभ्यासात दिसलं. म्हणून सिरोसिस झालेल्याने ‘बरा झालो’ म्हणून दर सहा महिन्यांची सोनोग्राफी सोडू नये. कोणाचं यकृत धोक्यात आहे हे जनुकांवरून सांगणाऱ्या चाचण्या अजून रोजच्या वापरात आलेल्या नाहीत. तोवर हीच तपासणी हाताशी आहे.

बी पूर्ण घालवणारं औषध अजून नाही, पण लस आहे. तैवानने 1984 मध्ये नवजात बाळांना ती द्यायला सुरुवात केली आणि 6 ते 14 वयाच्या मुलांमधला यकृताचा कर्करोग दहा वर्षांत लाखामागे 0.70 वरून 0.36 वर आला. आपल्याकडेही सरकारी लसीकरणात ती मोफत मिळते. पहिला डोस जन्मानंतर 24 तासांच्या आत द्यायचा असतो, तेव्हा प्रसूतिगृहातून घरी निघण्याआधी तो दिला की नाही, हे जरूर विचारा.