नेरूळच्या मैदानावरचे अंदाज : नवी मुंबईतील फुटबॉल हंगामांचा मागोवा

नवी मुंबईत फुटबॉलच्या हंगामाआधी अंदाज बांधले जाऊ लागले ते २०१४ पासून. त्याआधी या भागात फुटबॉल नव्हता असे नाही. वाशी-नेरूळच्या शाळा-कॉलेजांतून तो खेळला जात होता आणि इथली मुले खाडीपूल ओलांडून मुंबईच्या साखळी स्पर्धांत उतरत होती. पण पुढचा हंगाम कोणाचा, यावर गावात किंवा सेक्टरच्या नाक्यावर वाद घालावा असा एखादा संघ नव्हता. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कोपरखैरणे आणि तुर्भे यांच्यामध्ये वसलेल्या पावण्यासारख्या जुन्या गावात खेळ म्हणजे टेनिस बॉलचे क्रिकेट आणि कबड्डी. पुढच्या दहा वर्षांत याच रस्त्याच्या एका अंगाला, घणसोलीकडे, रिलायन्स फाउंडेशनची निवासी फुटबॉल अकादमी आली आणि दुसऱ्या अंगाला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दोन विश्वचषकांचे सामने झाले. पावणे या दोहोंच्या मधोमध आहे.

हे स्टेडियम २००८ साली मार्चमध्ये खुले झाले, तेही क्रिकेटसाठी. हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी आराखडा केलेल्या या मैदानावर त्याच वर्षी १ जूनला आयपीएलचा पहिला अंतिम सामना झाला. स्पर्धेआधी कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या राजस्थान रॉयल्सने चेन्नईला शेवटच्या चेंडूवर हरवले. अंदाज चुकवण्याची या मैदानाची सवय जुनी आहे ती अशी.

इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम १२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्यात सुरू झाला. रणबीर कपूर आणि बिमल पारेख यांची मालकी असलेला मुंबई सिटी संघ नेरूळला घरचे सामने खेळणार होता. फ्रेडी ल्युंगबर्ग आणि निकोलस अनेल्का ही नावे आर्सेनलच्या चाहत्यांना तोंडपाठ, प्रशिक्षक पीटर रीड इंग्लंडचा माजी खेळाडू. साहजिकच बहुतेकांनी या संघाला वरच्या चारांत धरले होते. पहिल्याच सामन्यात कोलकात्याने ३-० असे हरवले. सहा दिवसांनी नेरूळला पुण्याविरुद्ध ब्राझीलच्या आंद्रे मोरित्झने लीगमधली पहिली हॅटट्रिक केली, मुंबई ५-० ने जिंकली आणि अंदाज पुन्हा उसळले. पण बंदीमुळे अनेल्का सुरुवातीचे सामने खेळू शकला नाही, ल्युंगबर्ग दुखापतींमुळे मोजकेच सामने खेळला आणि आठ संघांत मुंबई सातवी आली.

२०१५ मध्ये अंदाजाचा आधार बदलला. भारतीय खेळाडूंचा लिलाव झाला, त्यात मुंबईने सुनील छेत्रीला १ कोटी २० लाखांना घेतले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. अनेल्का खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. छेत्रीने अपेक्षा पुरी केली. नॉर्थ ईस्ट युनायटेडविरुद्ध हॅटट्रिक करणारा तो या लीगमधला पहिला भारतीय ठरला. संघाने मात्र निराशाच केली. नोव्हेंबरमध्ये फातोर्ड्याला गोव्याने मुंबईचा ७-० असा धुव्वा उडवला. एका आघाडीवीरावर बेतलेला अंदाज बचावफळीत कोसळला आणि संघ सहावा राहिला.

या दोन हंगामांत एक चूक सारखी दिसते. अंदाज बांधणारे यादीतली नावे मोजत होते, हंगामाची लांबी कोणी मोजत नव्हते. २०१४ ते २०१६ या काळात प्रत्येक संघ साखळीत फक्त १४ सामने खेळे. फुटबॉलमध्ये गोल कमी होतात, सामना बरोबरीत सुटू शकतो, एखादी चुकलेली पेनल्टी किंवा पंचाचा एक निर्णय सामना फिरवतो. कबड्डीत दुबळा संघ बलवान संघापुढे चाळीस मिनिटांत उघडा पडतो. फुटबॉलमध्ये तोच संघ नव्वद मिनिटे गोलपुढे गर्दी करून एक गुण घेऊन घरी जातो. सामने जितके कमी, तितके नशिबाचे माप मोठे. त्यात वरच्या चार संघांत पुन्हा बाद फेरी. पहिल्या चार हंगामांत साखळीत पहिला आलेला संघ एकदाही विजेता झाला नाही. चेन्नईयिन, गोवा, मुंबई, बेंगळुरू असे चौघे अनुक्रमे पहिले आले आणि करंडक दरवेळी दुसऱ्याच कोणी नेला.

त्यातला मुंबईचा २०१६ चा हंगाम नवी मुंबईकरांनी दुरूनच पाहिला, कारण संघ नेरूळहून अंधेरीच्या मैदानावर गेला होता. अलेक्सांद्रे गिमाराइश प्रशिक्षक, उरुग्वेचा दिएगो फोर्लान आघाडीवर आणि संघ साखळीत पहिला. उपांत्य फेरीच्या पहिल्या लढतीत कोलकात्यात मुंबई ३-२ अशी हरली, फोर्लानला बाहेर जावे लागले, परतीची लढत गोलशून्य सुटली आणि अंदाज बरोबर येता येता राहिला.

त्याच सुमारास मुंबईच्या दुसऱ्या एका संघाच्या बाबतीत जे घडले ते भारतीय फुटबॉलमधल्या साऱ्या भाकितांची थट्टा करणारे होते. मुंबई एफसी हा आय-लीग या वेगळ्या राष्ट्रीय साखळीतला संघ. खालिद जमील यांनी तो अनेक वर्षे सांभाळला, जेमतेम साधनांवर दरवर्षी खाली घसरण्यापासून वाचवला. २०१६ मध्ये ते संघाबाहेर पडले आणि मिझोरामच्या ऐजॉलला गेले. ऐजॉल आदल्या हंगामात खाली घसरलेला संघ. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली होती. जयेश राणे आणि आशुतोष मेहता हे मुंबई एफसीतून खेळलेले खेळाडूही तिकडे गेले. २०१६-१७ च्या आय-लीगचा विजेता ठरला ऐजॉल. मुंबई एफसी त्याच हंगामात तळाला जाऊन बाहेर पडली आणि पुढे बंदच झाली. खेळाडूंच्या यादीवरून हे दोन निकाल सांगणारा एकही जाणकार सापडला नसता. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले.

नेरूळला फुटबॉल परतला तो सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाने. ऑक्टोबर २०१७ मधल्या या स्पर्धेआधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थ्यांना फुटबॉल खेळायला लावण्याचा उपक्रम केला. महाराष्ट्र फुटबॉलचे राज्य होणार, असे भाकीत त्यामागे होते. भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारताचे सामने दिल्लीत झाले. नेरूळकरांच्या वाट्याला तुर्कस्तान, न्यूझीलंड, पॅराग्वे आणि माली आले. अशा वयोगटात अंदाज बांधणे सर्वांत अवघड, कारण दोन वर्षांपूर्वीच्या संघातली बहुतेक मुले या वेळी वयात बसत नाहीत. पॅराग्वेने मालीला ३-२ असे हरवले. तोच माली २५ ऑक्टोबरला नेरूळलाच स्पेनविरुद्ध उपांत्य सामना खेळला आणि १-३ ने हरला.

महिलांच्या आशियाई चषकाने २०२२ मध्ये अंदाज आणि निकाल यांतले अंतर सर्वांत उघडे केले. बारा संघ, तीन गट आणि सामने नवी मुंबई, अंधेरी, बालेवाडी या तीन मैदानांवर. तिसऱ्या क्रमांकाच्या चांगल्या संघांनाही उपांत्यपूर्व फेरीची वाट मोकळी होती, म्हणून यजमान भारत तिथवर जाईल ही अपेक्षा हवेतली नव्हती. २० जानेवारीला नेरूळला इराणशी ०-० बरोबरी झाली. तेवीस तारखेला चिनी तैपेईविरुद्ध सामना होता. पण संघात करोनाची लागण इतकी पसरली की सामन्यासाठी लागणारे किमान तेरा खेळाडूही उभे करता आले नाहीत. सामना झालाच नाही, भारताला स्पर्धेतून माघार घेतल्याचे धरले गेले आणि इराणविरुद्धचा निकालही पुसला गेला. प्रतिस्पर्ध्याचा बचाव, आपली आघाडी, घरचे प्रेक्षक असा सगळा हिशेब मांडून झाला होता; ताप कोणी धरला नव्हता.

इतरांचे अंदाजही टिकले नाहीत. ऑस्ट्रेलियाने अंधेरीत इंडोनेशियाला १८-० असे हरवले, त्यातले पाच गोल एकट्या सॅम करचे. त्या दिवशी ऑस्ट्रेलियाला विजेता न म्हणणारा माणूस शोधावा लागला असता. उपांत्यपूर्व फेरीत दक्षिण कोरियाने त्यांना एका गोलने घरी पाठवले. गतविजेत्या जपानला चीनने उपांत्य फेरीत शूटआउटमध्ये हरवले. ६ फेब्रुवारीच्या अंतिम सामन्यात नेरूळला मध्यंतरापर्यंत कोरिया २-० ने पुढे होता. उत्तरार्धात चीनने दोन गोल फेडले आणि भरपाई वेळेत शाओ युयीने तिसरा केला. चीन ३, कोरिया २.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक होता. भारताला मूळचे यजमानपद २०२० चे होते; ती स्पर्धा महामारीमुळे रद्द झाली आणि बदल्यात ही मिळाली. त्याच्याही आधी एक विघ्न आले: १६ ऑगस्टला फिफाने भारतीय महासंघावर बंदी घातली आणि यजमानपदच धोक्यात आले. दहा दिवसांत बंदी उठली. ३० ऑक्टोबरला नेरूळला स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवून विजेतेपद राखले. गटातही हे दोन संघ समोरासमोर आले होते आणि तेव्हाही स्पेनच जिंकला होता. या मैदानावर सरळ खरा ठरलेला हा विरळा अंदाज, पण तोही कोलंबियाच्या बचावपटूकडून झालेल्या स्वयंगोलवर.

मुंबई सिटीच्या बाबतीत अंदाज जुळू लागले ते २०२० नंतर, आणि त्याचे कारण तपासण्याजोगे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्या मालकांच्या सिटी फुटबॉल ग्रुपने क्लबचा ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढच्या हंगामासाठी गोव्याचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा आले आणि त्यांच्यामागून मुर्तादा फाल, अहमद जाहू आणि ह्युगो बुमू हे गोव्याचेच तीन खेळाडू. गोवा आदल्या वर्षी साखळीत पहिला आलेला संघ. म्हणजे नवा संघ कागदावर नवा होता, खेळात नव्हता. एकमेकांच्या धावा या मंडळींना आधीपासून ठाऊक होत्या. सामनेही आता वीस झाले होते. मुंबई आणि एटीके मोहन बागान यांचे ४०-४० गुण झाले, परस्परांतल्या लढतींवर मुंबईने साखळीत पहिल्या येणाऱ्या संघाचे शील्ड घेतले आणि १३ मार्च २०२१ च्या अंतिम सामन्यात बिपिन सिंगच्या नव्वदाव्या मिनिटाच्या गोलवर करंडकही. पुढच्याच वर्षी गतविजेता म्हणून अंदाजात वर असलेला संघ पाचवा आला. २०२२-२३ मध्ये डेस बकिंगहॅम यांच्या हाताखाली ४६ गुण, सलग १८ सामने अपराजित, पुन्हा शील्ड. आणि बाद फेरीत बेंगळुरूपुढे शूटआउटमध्ये हार. लांब साखळीचा अंदाज खरा, बाद फेरीचा खोटा, हा नमुना इथे पक्का झाला.

नेरूळला सर्वांत मोठी उत्सुकता मात्र एका अशा खेळाडूने निर्माण केली, जो तिथे उतरलाच नाही. १५ ऑगस्ट २०२३ ला नेमार सौदी अरेबियाच्या अल हिलालमध्ये गेला. नऊ दिवसांनी आशियाई चॅम्पियन्स लीगचे गट पडले आणि मुंबई सिटी व अल हिलाल एकाच गटात आले. मुंबईचे घरचे सामने पुण्याला बालेवाडीत होते. हा सामना मोठ्या मैदानावर, नेरूळला हलवण्यात आला. गावठाणापासून पाम बीच रोडपर्यंत चर्चा एकच, तिकीट मिळणार का? निकाल काय लागेल हा प्रश्न कुणाला पडलेला नव्हता. १७ ऑक्टोबरला ब्राझीलकडून उरुग्वेविरुद्ध खेळताना नेमारच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. ६ नोव्हेंबरचा सामना ठरल्याप्रमाणे झाला. रियाधमध्ये सहा गोल खाल्लेल्या मुंबईने इथे बराच वेळ तग धरला आणि ०-२ अशी हार पत्करली. त्याच महिन्यात बकिंगहॅम ऑक्सफर्डला गेले. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक गेलेला संघ कोणी विजेता धरत नाही. मे २०२४ मध्ये पेत्र क्रात्की यांच्या मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून करंडक जिंकला. पुढच्या वर्षी सहावे स्थान आणि बाद फेरीत बेंगळुरूकडून ०-५.

या साऱ्यात कॉलेज फुटबॉल कुठे होता, हा प्रश्न उरतो. अमेरिकेत कॉलेज फुटबॉल म्हणजे वेगळाच, हाताने खेळायचा खेळ. तिथे हंगामाआधी वृत्तसंस्थेची क्रमवारी निघते आणि ती १९५० पासून नेमाने निघत आली आहे. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलवर असे काही लिहिले जात नाही, आणि याला केवळ अनास्था कारण नाही. स्पर्धा बाद पद्धतीची. हरलेल्या कॉलेजाचा हंगाम एका दुपारी संपतो. अकरावी-बारावीची मुले विद्यापीठाच्या संघात बसत नाहीत, ती क्रीडा खात्याच्या एकोणीस वर्षांखालील स्पर्धेत खेळतात. प्रवेश पावसाळ्यात होतात, त्यामुळे यंदा संघात कोण, हे क्रीडाशिक्षकालाही चिखलात पहिला सराव झाल्यावरच कळते. अभिमत विद्यापीठे विद्यापीठाच्या स्पर्धेत नसतातच, ती थेट आंतरविद्यापीठ विभागीय स्पर्धेत आपला संघ उतरवतात. आणि गुणी मुलगा कॉलेजात येण्याआधीच अकादमीने उचललेला असतो. घणसोलीची अकादमी २०१५ पासून हेच करते आहे, देशभरातून मुले निवडून.

हंगामाआधीची खरी चर्चा महाराष्ट्रात ऐकायची तर कोल्हापूरला जावे लागते. तिथे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या (केएसए) खेळाडू नोंदणीच्या दिवसांत पाटाकडील तालमीतून कोण खंडोबा तालमीत गेला, दिलबहारने बाहेरून कोणाला आणले, प्रॅक्टिस क्लबचा गोलरक्षक टिकला का, यावर पेठापेठांत पैजा लागतात. या अंदाजांना दम असतो, कारण बोलणाऱ्याने त्या पोराला शाहू स्टेडियमवर लहानपणापासून खेळताना पाहिलेले असते. नवी मुंबईतल्या प्रेक्षकाने आपला संघ दोनच हंगाम जवळून पाहिला.

२०२५ मध्ये तर अंदाज बांधायला हंगामच उरला नाही. महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातला करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता, नवा होत नव्हता, म्हणून जुलैमध्ये लीग स्थगित झाली. काही क्लबांनी सराव थांबवले. नव्या आयोजकासाठी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही आणि डिसेंबरअखेर सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. जानेवारी २०२६ मध्ये अखेर वेळापत्रकाची घोषणा झाली: १४ फेब्रुवारीपासून सुरुवात, १४ संघ, एकेरी साखळी, एकूण ९१ सामने. प्रत्येक संघाच्या वाट्याला तेरा. २०१४ च्या साखळीपेक्षाही एक सामना कमी.